लेकींची बैठक

आमच्याकडे कुणाच्या घरून निघताना "येते हं" म्हणायचं आणि घरच्यांनी "या परत" म्हणायचं, एवढंच. अदावहिनींच्या घरून निघालं की त्या फाटकापर्यंत यायच्या, उजवा हात पुढे करायच्या आणि स्पष्ट मराठीत म्हणायच्या, "आलात, बरं केलंत. जाताना पाठीला कुबड न येवो."

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा घरी येऊन मी आरशात पाठ बघितली होती. खोटं कशाला सांगू! नंतर कळलं, हा त्यांच्याकडचा आशीर्वाद. पाहुण्याने यजमानाचं वाईट करू नये, आणि परत जाताना पाहुण्यालाही काही बाधू नये, अगदी कुबडसुद्धा येऊ नये. म्हटलं, बरोबर आहे की. आपण नुसतं पाहुण्याला सांभाळायचं बघतो, ह्यांनी यजमानाचाही विचार केलाय.

अदाओरा विनायक शेट्ये, हे त्यांचं नाव. नायजेरियातल्या इग्बो लोकांमधल्या. विनायकराव पोर्ट हार्कोर्टला जहाजदुरुस्तीच्या कामावर वीसेक वर्षं होते, आणि ह्या तिथल्या शाळेत इतिहास शिकवायच्या. लग्न तिकडेच झालं. सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा दोघं रत्नागिरीला आले ते राहिलेच. आमचं घर त्यांच्या घराला लागून. त्यांचा टेम्पो आला त्या दिवशी सगळ्या कॉलनीने खिडक्यांचे पडदे सरकवले होते. मीही त्यात होते. सहा फुटांना दोन बोटं कमी असलेली, काळीभोर, डोक्याला पिवळंधमक फडकं बांधलेली बाई कपाट एका बाजूने स्वतः उचलून आत नेते आहे, हे आम्ही कुणी कधी बघितलं नव्हतं.

मराठी त्या दोन ठिकाणी शिकल्या. सकाळी सासूबाईंकडून आणि संध्याकाळी मिरकरवाड्याच्या मासळीबाजारात. त्यामुळे "आपण बसावं" आणि "तुझ्या बांगड्याचे डोळे बघ गं, तेरावं उरकलंय त्याचं!" ही दोन्ही वाक्यं त्यांच्या तोंडी सारख्याच सहजतेने यायची. सुकट त्या किलोकिलोने घ्यायच्या, कुटून पूड करून डब्यात भरायच्या आणि भाजी असो, आमटी असो, चिमूटभर घालायच्याच. त्यांच्या गावी रस्शाला अशीच चव देतात म्हणे. आता मीही घालते.

त्यांच्याकडे पहिल्यांदा गेलो तेव्हाचा प्रसंग आमच्या घरात अजून काढला की हे लाजतात. आम्ही नारळ घेऊन गेलो होतो. अदावहिनींनी लाकडी थाळीत एक गुलाबी बी ठेवून आणलं, आपल्या सुपारीपेक्षा थोडं मोठं. कोलाचं बी. त्यांच्याकडे पाहुणा आला की आधी हे, मग पाणीबिणी. विनायकरावांनी थाळी ह्यांच्यापुढे धरली. आमच्या ह्यांनी बी उचललं आणि सरळ तोंडात टाकलं!

अदावहिनींचा चेहरा एकदम गंभीर झाला. ह्यांचा चेहरा तर बघण्यासारखा झाला होता, कारण ते बी कडू जहर. विनायकराव खाली मान घालून हसायला लागले, मग वहिनीही हसल्या, इतक्या की डोळे पुसावे लागले. मग सांगितलं. ते बी सगळ्या पाहुण्यांनी नुसतं बघायचं, हात लावायचा आणि यजमानाकडे परत द्यायचं. मग घरच्या कर्त्याने ते हातात धरून पूर्वजांना हाक मारायची, सगळ्यांसाठी मागणं मागायचं. दर मागण्याला बाकीच्यांनी म्हणायचं "ईसे", म्हणजे तसंच होवो. मग ते फोडायचं. आत चार पाकळ्या निघाल्या तर फारच चांगलं, कारण त्यांचा आठवडा चार दिवसांचा. एके, ओरिए, आफो, न्क्वो. चार दिवसांचे चार बाजार.

"मग फोडा की तुम्हीच," मी म्हटलं.

"बाईने फोडायचं नाही." त्यांनी विनायकरावांकडे बोट दाखवलं. "म्हणून ह्यांना शिकवलंय."

दुसरं बी आणलं. गावच्या देवळात आरतीलाही ज्यांचा आवाज कधी फुटला नाही ते विनायकराव उठून उभे राहिले, आणि खणखणीत आवाजात मागायला लागले. शेवटचं मागणं त्यांनी आमच्यासाठी मराठीत केलं. "घारही बसो, गरुडही बसो. जो दुसऱ्याला बसू देणार नाही, त्याचा पंख मोडो." मी न सांगता "ईसे" म्हणून बसले.

बाई शिस्तीच्या. डाव्या हाताने काही दिलं तर घेत नसत. ताटात शीत उरू देत नसत. ह्याचं कारण एकदाच बोलल्या. त्यांच्या जन्माआधी तिकडे मोठी लढाई झाली. इग्बो लोकांनी आपला वेगळा देश मागितला होता, त्याची नाकेबंदी झाली, आणि लाखो माणसं, त्यात पोरंच जास्त, अन्नावाचून गेली. त्यांच्या आधीची दोन भावंडं त्यात गेली. "म्हणून मी थोरली लेक झाले," त्या म्हणाल्या आणि उठून चहाचं आधण ठेवलं. मी कप विसळले.

आपल्या अंगणाच्या भिंतीवर त्या काळ्या रंगाने वळणावळणाच्या रेघा काढायच्या. आमच्या रांगोळीसारख्या भरगच्च नाहीत. एक वेटोळं इथे, तीन ठिपके तिथे, मध्ये सगळं मोकळं. मी म्हटलं, "वहिनी, अर्धी भिंत रिकामी राहिली." तर म्हणाल्या, "रिकामी जागा मुद्दाम ठेवतात. रेघ नुसती तिची राखण करते." तेव्हापासून माझी रांगोळी लहान झाली आहे.

एकदा आमच्या इथल्या शाळेने त्यांना बोलावलं. मीही गेले होते. पाचवीतल्या एका मुलीने विचारलं, "तुमच्या लोकांचा राजा कोण होता?"

"बहुतेक गावांत राजा नव्हताच," अदावहिनी म्हणाल्या.

"मग राज्य कोण करायचं?"

"सगळेच. गाव जमायचं, बोलायचं, भांडायचं, परत बोलायचं. सगळ्यांचं एकमत होईपर्यंत घरी जायचं नाही. आमच्यात म्हण आहे, इग्बोंना राजा नसतो."

आपल्या पोरांना इतिहास म्हणजे राजेच की! मग वहिनींनी मोबाइलवर चित्रं दाखवली. त्यांच्या भागात एकाने अंगणात पाण्याचं टाकं खणायला घेतलं तेव्हा कुदळीला कांसं लागलं. हजार वर्षांपूर्वीची भांडी, शंख, दोरीने बांधलेला घट. ती दोरीसुद्धा कांशाची, गाठीसकट, एकेक पीळ दिसतो. आणि शेजारी मण्यांचे ढीग, हजारांनी. त्यातले काही तांबडे मणी आपल्या गुजरातेकडून गेले असावेत असं काही जाणकार म्हणतात, हे त्यांनी सांगितलं तेव्हा मी बाकावर पुढे सरकून बसले. हजार वर्षांपूर्वी आपल्या किनाऱ्यावरून निघालेला मणी, उंटावरून, होडीतून, कुणाकुणाच्या गळ्यातून ह्या बाईच्या गावच्या मातीत पोचतो, आणि त्या गावची लेक रत्नागिरीत येऊन सुकटीचा भाव करते. मला वाटतं त्या दिवसापासून मी त्यांच्याकडे जरा दबकूनच बघायला लागले.

माझं माहेर पालीच्या पुढे, आत एका वाडीत. एका वर्षी शिमग्याला मी त्यांना तिकडे घेऊन गेले. ग्रामदेवतेची पालखी आमच्या अंगणात बसली होती. गुरवाने गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, ह्या घरच्या लेकराबाळांना सुखी ठेव!" आणि सगळ्या वाडीने एका आवाजात म्हटलं, "व्हय म्हाराजा!"

माझ्या शेजारी अदावहिनी कान देऊन ऐकत होत्या. दुसऱ्या मागण्याला त्यांच्या तोंडून मोठ्याने निघालं, "ईसे!" सगळी वाडी वळून बघायला लागली. माझ्या आईने मात्र त्यांचा हात धरला, आपल्या बाजूला ओढलं आणि म्हणाली, "बोल गो बाय, बोल. देवाला सगळं कळतंय." जाताना आईने त्यांना घरचे पोहे बांधून दिले. अशी ती दोघींची ओळख.

त्यानंतर दीड वर्षात आमच्या घराचा विचका झाला. मोठा भाऊ दादा मुंबईत निवृत्त झाला आणि त्याला गावच्या घराची मागची पडवी पाडून न्हाणीघर बांधायचं होतं. धाकटा बाळा गावातच असतो, त्याचं भात त्या पडवीत. शब्दाने शब्द वाढला. एकाने कुलूप घातलं, दुसऱ्याने त्यावर दुसरं घातलं. बाळाने रस्त्याकडेला नवीन घर बांधलं होतं, तो तिकडे गेला. दादा आला की गावातच त्याच्या मेहुण्याकडे उतरायचा. आई आठ दिवसांसाठी म्हणून माझ्याकडे रत्नागिरीला आली, त्याला आठ महिने झाले. ती खाईना. डॉक्टर म्हणाले, वयोमान. वयोमान कसलं! तिचं एकच पालुपद होतं. "सुनंदा, मला माज्या घरात डोळे मिटायचेत. जावयाच्या दारातनं माजी तिरडी काढू नको गो."

दोन्ही भावांना मी फोन करून करून थकले. दादा म्हणायचा, आधी त्याला काढायला सांग. बाळाचं म्हणणं, आधी त्याला काढू दे. एका दुपारी मागच्या पायरीवर बसून मी रडत होते, तेव्हा अदावहिनी कुंपणापलीकडून आल्या. सगळं ऐकून त्यांनी विचारलं, "त्या घरच्या लेकी किती?"

"मी आणि बेबी." बेबी माझी धाकटी बहीण, गणपतीपुळ्याला खाणावळ चालवते.

"वडिलांच्या बहिणी? चुलत बहिणी?"

"संगमेश्वरला आत्या आहे. चुलत बहिणी चौघी."

त्यांनी बोटांवर मोजलं. "सात! सात लेकी आहेत, आणि तुम्ही पायरीवर बसून रडताय?"

"अहो वहिनी, आम्ही लग्न होऊन गेलेल्या. आमचं तिथे काय चालणार?"

तेव्हा मी त्यांना पहिल्यांदा चिडलेलं बघितलं. "लग्न होऊन गेलात. मेलात नाही."

मग त्यांनी सांगितलं. इग्बोंमध्ये बापाच्या घरची लेक मरेपर्यंत त्या घरची लेक असते. अशा सगळ्या लेकींची मिळून एक सभा असते, उमुआदा म्हणतात तिला. लग्न झालेल्या, विधवा, नवरा सोडून आलेल्या, सगळ्या सारख्या. घरात भाऊ भांडले आणि कुणाचं ऐकेनासे झाले की ह्या लेकी गावोगावहून येतात आणि अंगणात बसतात. निकाल लागेपर्यंत उठत नाहीत. त्यांच्यापुढे भलेभले पुरुष गप्प होतात. वहिनींची पणजी तर ब्रिटिशांच्या अधिकाऱ्यापुढे बसली होती. बायकांवर कर बसणार अशी खबर उठली तेव्हा हजारो बायका डोक्याला नेच्याची पानं बांधून सरकारने नेमलेल्या मुखियांच्या दारात बसल्या, गाणी म्हणत. गोळीबार झाला, बायका पडल्या. तरी उठल्या नाहीत. शेवटी सरकारलाच ते मुखिया बदलावे लागले.

"तुमच्या भावांकडे बंदुका आहेत?" वहिनींनी विचारलं.

"छे हो!"

"मग लावा आत्याला फोन."

आत्या अठ्ठ्याहत्तरची. तोंडात दात दोन, पण जीभ तलवारीसारखी. तरी ती फोनवर कचरली. "शिमग्याचे दिवस, सुनंदा. मी पांढऱ्या कपाळाची बाई पुढं कशी बसू?" वहिनींनी फोन माझ्या हातातून घेतला.

"आत्या, नवऱ्याच्या घरी तुम्ही विधवा. बापाच्या घरी तुम्ही थोरली लेक आहात. थोरली नाही बसली, तर बाकीच्यांनी कुणाच्या मागे बसायचं?"

त्यांनी फोन मला परत दिला. मग आत्या म्हणाली, "ही कोण बोलतेय गो? ... सांग तिला, सकाळच्या एसटीने येते."

वहिनींनी नियम घालून दिले. अन्न नाही, पाणी नाही. रडायचं नाही, भांडायचं नाही. आम्हाला हिस्सा हवा, हे चुकूनही तोंडातून काढायचं नाही. मागणं एकच. आईचं दार उघडा. आणि भावांच्या नावाने टोमण्यांची गाणी म्हणायची, नाचायचं, सगळ्या गावाला ऐकू जाईल असं.

इथे मात्र त्यांचा अंदाज चुकला. आम्ही सात जणी सकाळी आठ वाजता कुलूप लागलेल्या दारापुढे चटया टाकून बसलो खऱ्या, पण गाणार कोण? आम्ही एकमेकींच्या तोंडाकडे बघत बसलो. बेबीने पर्समधून हळूच बिस्किटाचा पुडा काढला, तर आत्याने तिच्या हातावर चापट मारली. अदावहिनी अंगणात आल्याच नाहीत. बाहेर वाटेच्या पलीकडे, चिऱ्याच्या गडग्यावर काजूच्या सावलीत बसून राहिल्या. "मी या घरची लेक नाही," म्हणाल्या. "मी आत बसले तर भाऊ म्हणतील, परकीने शिकवलंय." त्यांनीही दिवसभर पाण्याचा थेंब घेतला नाही.

नऊच्या सुमारास बाळाची बायको चहाचा ट्रे घेऊन आली. आम्ही हात लावला नाही. दहाला, शिमग्याला म्हणून मेहुण्याकडे उतरलेली दादाची बायको कोकम सरबत घेऊन आली, तेही तसंच परत गेलं. वाडीतली माणसं गडग्याला टेकून बघायला लागली. माहेरवाशिणी उन्हात, उपाशी, बापाच्या दारात! आमच्याकडे ह्याहून मोठी लाज नाही. आणि मग आत्याने डोळे मिटले आणि जात्यावर बसल्यासारखी ओवी सुरू केली.

"दोघां भावांचं गं घर, दोन कुलपांचं दार,
लेकी उन्हात बसल्या, कुणी म्हणावं माहेर?"

आम्ही सहा जणींनी ती उचलली. मग थांबवतंय कोण! आत्या जागच्या जागी जोडत गेली आणि आम्ही म्हणत गेलो. दादा लहानपणी चड्डीत कसा मुतला इथपासून बाळाने माझ्या लग्नातले लाडू कसे चोरले इथपर्यंत सगळं आलं. वाडी खो खो हसायला लागली. गडग्यावरची ती उंच बाई टाळ्यांनी ताल धरत होती.

दुपारी दादा आला. आपली बाजू सांगायला लागला. आत्या म्हणाली, "तुजं ऐकायला नाही आलो. दार उघड." बाळा आला. त्यालाही तेच. ऊन कलायला लागलं. माझं डोकं भणभणत होतं आणि आत्याचे ओठ सुकून पांढरे पडले होते. मी म्हटलं, "आत्या, तू तरी घोटभर पी." ती म्हणाली, "गप."

चारच्या सुमारास देवीचे मानकरी आले. दुसऱ्या दिवशी पालखी निघायची होती, कुठल्या घरी कधी जाणार ते सांगत फिरत होते. ते घुटमळले. "ह्या घरी पालखी... बंद घरी कशी आणायची?"

आत्या म्हणाली, "आणा की. आमी अशाच बसलेल्या असू. काय सांगायचं ते देवीलाच सांगू, सगळ्या गावासमोर."

दोन्ही भाऊ अंगणाच्या दोन टोकांना उभे होते. कुणी हलेना. मग आत्या अगदी वेगळ्या, मऊ आवाजात म्हणाली, "अरे, चिमणी बसू दे, कावळापण बसू दे. घर काय एवढं लहान आहे?" वहिनींनी तिला आदल्या दिवशी घार-गरुडाची गोष्ट सांगितली होती. आत्याने ती आमच्या अंगणातली करून टाकली.

बाळाने खिशातून किल्ली काढली. "आधी त्याने काढावं," असं बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात आत्याने एक बोट वर केलं. "दोघांनी एकदम."

दोघं दारापाशी गेले. बाळाचं कुलूप निघालं. दादाचं फिरेना. आठ महिन्यांच्या गंजाने घट्ट बसलं होतं. दादा घामाघूम. एवढा मोठा साठीचा माणूस, किल्लीशी झटतोय आणि सगळं गाव बघतंय. बाळा काही न बोलता आपल्या घरी गेला, खोबरेल तेलाची वाटी घेऊन आला, आणि दादाच्या कुलपात बोटाने थेंब थेंब सोडायला लागला. "आता फिरव," म्हणाला. "जोर नको लावू. हां, असं."

दार उघडल्यावर आम्ही सातही जणी रडलो. तो नियम तेवढा मोडला.

दुसऱ्या दिवशी आईला गाडीने नेलं. पालखी यायच्या आधी ती आपल्या माजघरात, आपल्या खाटेवर टेकून बसली होती, आणि सुनांना ओटीच्या तांदळावरून बोलत होती. पडवी अजून तशीच आहे. न्हाणीघर बाजूला बांधलं, भातही पडवीतच आहे. भाऊ अधूनमधून भांडतात, पण आता आत बसून भांडतात.

आई दिवाळीनंतर गेली. सकाळी पेज प्यायली, कूस बदलली आणि गेली. तिच्या दारातून तिची तिरडी निघाली, दोन्ही लेकांनी खांदा दिला. आत्याने हुकूम सोडला, चार दिवस सगळ्या लेकी इथेच, चटई टाकून, रांगेने. मुंबईची चुलत बहीण सुटीचं काही बोलायला गेली, पण आत्याकडे बघून गप्प बसली.

दुपारी अदावहिनी आल्या आणि पुन्हा बाहेर गडग्यावर बसल्या. मी हाक मारली, त्यांनी मान हलवली. मग आत्या स्वतः काठी टेकत बाहेर गेली. मी तिच्या मागे.

"हितं कशाला बसलीस गो?"

"मी या घरची लेक नाही, आत्या."

"तुज्या घरी कोण गेलं?" आत्याने एकदम विचारलं. मला इतक्या वर्षांत हा प्रश्न सुचला नव्हता.

अदावहिनींनी गडग्यावर तिच्यासाठी जागा केली. मग हळूहळू सांगितलं. टाळेबंदीच्या काळात त्यांचे वडील वारले. विमानं बंद. तिकडे घरच्या सगळ्या लेकी चार दिवस चटया टाकून बसल्या, आणि थोरलीची चटई चारही दिवस मोकळी अंथरलेली होती. त्यांनी ती फोनवर बघितली. "मी रडले नाही," त्या म्हणाल्या. "थोरलीने बापाच्या घरी बसून रडायचं असतं. मी बसलेच नाही."

आत्याने काही विचार केला नाही, निदान मला तसं दिसलं नाही. "हे काय तुज्या बापाचं घर नाही," ती म्हणाली. "पण लेकी हितं बसल्यात. चल. चार दिवस राहिलेत ना तुजे?"

आम्ही सरकलो. आत्याने आपल्याशेजारी चटई टाकली. अदावहिनी बसल्या, पाय दुमडून, ताठ. मग त्यांच्या पोटातून एक आवाज निघाला, आणि त्या रडायला लागल्या, मोठमोठ्याने, आपल्या भाषेत, वडिलांना एकेक गोष्ट सांगत. आम्हाला शब्द कळत नव्हते. आत्या पाठीवरून हात फिरवत दर खेपेला म्हणत होती, "व्हय गो बाय. व्हय." त्या बाईला इतकी वर्षं आम्ही डोंगरासारखी समजत होतो. आम्हीही रडलो, आईसाठी आणि त्या अनोळखी म्हाताऱ्यासाठीही.

दहाव्याला सगळे नदीवर गेलो. आदल्या रात्री दादा माझ्याकडे आला होता, कागद-पेन घेऊन. "त्यांच्या वडलांचं नाव काय गं? नीट लिहून दे." मग मी त्याला आणि बाळाला पडवीत बसून ते घोकताना ऐकलं होतं.

आईच्या नावाने पाणी सोडून झालं. भटजी उठायला लागले तर दादा म्हणाला, थांबा. त्याने पुन्हा ओंजळ भरली. शेजारी बाळानेही भरली. "न्वाफोर," दादा म्हणाला, जपून, एकही अक्षर न सांडता, आणि दोघांनी पाणी सोडलं.

काठावर अदावहिनी उभ्या होत्या. त्यानंतरच्या वर्षी दोघं नवराबायको तिकडे वहिनींच्या गावी राहायला गेले, फोन येतात, पण माझ्या डोळ्यांसमोर त्या आहेत त्या अशाच, पाण्याच्या कडेला ताठ उभ्या, गाल ओले. भटजींनी वर बघून विचारलं, हे कोण? तेव्हा दादाने उत्तर द्यायच्या आधीच त्या पुढे आल्या आणि सगळ्या घाटाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाल्या, "ते माझे वडील."